बाकावरची, वहीतली आणि करखात्यातली माणसं : एसेन धर्मप्रांताचा प्रकरण अभ्यास

जर्मनीच्या पश्चिमेला रूर नदीच्या खोऱ्यात एसेन, बोखुम, डुइसबुर्ग, गेल्झेनकिर्शेन, बॉट्रॉप ही शहरं एकमेकांना अशी चिकटून आहेत की पाटी वाचल्याशिवाय एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते कळत नाही. कोळसा आणि पोलाद यांवर पोसलेला हा पट्टा. कोलोन, म्युन्स्टर आणि पाडरबोर्न या जुन्या धर्मप्रांतांचे तुकडे जोडून १ जानेवारी १९५८ रोजी इथे एसेन हा नवा कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश, झाला. पहिले बिशप फ्रान्त्स हेंग्सबाख यांनी आपल्या अंगठीत कोळशाचा तुकडा बसवून घेतला होता. सुरुवातीच्या त्या काळात धर्मप्रांतात पंधरा लाखांच्या आसपास कॅथलिक होते. आज साडेसहा लाखांच्या आसपास उरले आहेत.

युरोपातली चर्चं रिकामी झाली, हे वाक्य आपल्याकडेही इतक्यांदा बोललं जातं की त्याच्या आत काय आहे ते पाहायची गरज कुणाला वाटत नाही. एसेनमध्ये ते पाहता येतं, कारण जर्मन चर्चइतका बारीक हिशेब फार थोडी चर्चं ठेवतात. हा हिशेब तीन ठिकाणी होतो. रविवारी बाकावर किती माणसं बसली, हा एक आकडा. नोंदवहीत किती कॅथलिक आहेत, हा दुसरा. चर्चकर किती जणांच्या पगारातून कापला जातो, हा तिसरा. ही माणसांची तीन वेगवेगळी वर्तुळं आहेत. ती थोडीफारच एकमेकांवर येतात आणि प्रत्येकाचं आकुंचन वेगळ्या कारणाने होतं. चर्च बंद करायचं की ठेवायचं हे बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्यावरून ठरतं आणि त्याची झळ पहिल्या आकड्यातल्या माणसांना लागते. एसेनची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

बाकावरची मोजणी कशी होते

जर्मनीतल्या सत्तावीसही धर्मप्रांतांत वर्षातून दोन रविवारी माणसं मोजतात: ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार. दोन्हींची सरासरी ही त्या वर्षाची हजेरी. शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, रविवारच्याच खात्यात धरतात. धर्मगुरू उपलब्ध नाही म्हणून मिस्सेऐवजी प्रापंचिकाने (धर्मगुरू नसलेल्या साध्या सभासदाने) चालवलेली शब्दप्रार्थना झाली असेल, तर तिचीही माणसं मोजतात. परगावचा पाहुणा, पर्यटक, यात्रेकरू हेही मोजणीत येतात, कारण ते त्या दिवशी आपापल्या धर्मग्रामात, म्हणजे राहत्या भागाच्या चर्चमंडळात, नसतात. नाताळची रात्र आणि पास्काचा (ईस्टरचा) सण मोजणीत नाहीत. त्यामुळे २४ डिसेंबरला खचाखच भरलेलं चर्च पाहून आलेला माणूस आकडेवारीवर विश्वास ठेवत नाही, आणि आकडेवारीला त्या रात्रीचा पत्ता नसतो.

मोजायचं काम बहुधा सॅक्रिस्तानकडे (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याकडे) किंवा गायकवृंदाच्या गॅलरीत उभ्या असलेल्या एखाद्या स्वयंसेवकाकडे येतं. प्रवचन चालू असताना मोजणं सोपं जातं, कारण उशिरा येणारे तोवर पोचलेले असतात आणि लवकर जाणारे अजून उठलेले नसतात. चुका ठरलेल्या जागी होतात. ऑर्गनवादक, वाचक आणि वेदीसेवक एकाच दिवशी दोन मिस्सांना हजर असतात आणि दोनदा मोजले जातात. गॅलरीतून मोजणाऱ्याला गॅलरीखालच्या शेवटच्या दोन रांगा दिसतच नाहीत, आणि उशिरा आलेले नेमके तिथे बसलेले असतात. उपवासकाळात प्रथम ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा, स्वीकारणाऱ्या मुलांची तयारी चालू असते. मोजणीच्या रविवारी त्यांची मिस्सा ठेवली की आईबाप, आजीआजोबा धरून आकडा फुगतो. नोव्हेंबरमध्ये सर्दीतापाची साथ असली की तोच आकडा खाली येतो. दोन रविवारांच्या सरासरीने हे थोडं सावरतं. एका वर्षाच्या एका धर्मग्रामाच्या आकड्यावर मात्र कुणी इमारतीचा निर्णय घेऊ नये. निदान पाच वर्षांची ओळ समोर हवी.

आता देशपातळीचे आकडे. १९५० साली जर्मनीतल्या कॅथलिकांपैकी जवळपास निम्मे रविवारी मिस्सेला जात. १९९० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं, २०१० मध्ये १२.६, आणि २०१९ मध्ये ९.१. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये ते ४.३ टक्क्यांवर आलं. तेव्हा एक बाक सोडून बसायचं आणि काही ठिकाणी आधी नाव नोंदवायचं अशी बंधनं होती. २०२२ मध्ये ५.७, २०२३ मध्ये ६.२ आणि २०२४ मध्ये ६.६ टक्के.

शेवटच्या तीन आकड्यांवरून ‘लोक परत येऊ लागले’ असा निष्कर्ष कुणीही काढेल. मग थोडं गणित करावं. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत कॅथलिक होते सुमारे २ कोटी ३ लाख ५० हजार. त्यांचे ६.२ टक्के म्हणजे रविवारी साधारण १२ लाख ६० हजार माणसं. २०२४ अखेर कॅथलिक उरले १ कोटी ९७ लाख ७० हजार. समजा बाकावर एकही माणूस वाढला नसता आणि तेच १२ लाख ६० हजार आले असते, तरी टक्केवारी ६.४ च्या जवळ गेली असती, कारण ज्याने भागायचं तो आकडाच लहान झाला. म्हणजे वर्षभरात दिसलेल्या वाढीतला जवळपास निम्मा भाग हा वहीतली नावं कमी झाल्याचा, म्हणजे ती काढली गेल्याचा किंवा माणसं वारल्याचा, परिणाम आहे. उरलेली वाढ खरी आहे, पण तिची तुलना २०१९ शी करायला हवी. तेव्हा दर रविवारी वीस लाखांहून अधिक माणसं बाकावर होती. २०२४ मध्ये तेरा लाख. म्हणजे मधल्या पाच वर्षांत सात-साडेसात लाख लोक बाकावरून कमी झाले.

आणखी एक गोष्ट टक्केवारीत लपते. तीनशे जण दर रविवारी येत असतील तर मोजणीत तीनशे दिसतात. तेच तीनशे जण एक रविवार सोडून येऊ लागले की दीडशे दिसतात. एकाही माणसाने चर्च सोडलेलं नसतं. तरुण कुटुंबांच्या बाबतीत हेच जास्त घडतं: मुलांची फुटबॉलची मॅच, वेगळ्या शहरातले आजीआजोबा, रविवारचा एकच मोकळा दिवस. अशा घरांना ‘गेलेले’ समजून सोडून दिलं की ती खरोखरच जातात.

वहीतून नाव कसं जातं

जर्मनीत चर्चचं सभासदत्व ही सरकारदरबारी नोंदलेली गोष्ट आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतली कलमं १९४९ च्या राज्यघटनेने जशीच्या तशी घेतली, आणि त्यांनुसार चर्चला आपल्या सभासदांकडून कर घेण्याचा अधिकार आहे. तो गोळा करतं सरकारचं करखातं. त्या कामाचे दोन ते चार टक्के खातं स्वतःकडे ठेवतं आणि उरलेली रक्कम धर्मप्रांताला देतं. कराचा दर आयकराच्या ९ टक्के. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या दोन राज्यांत ८ टक्के. पगाराच्या नव्हे, आयकराच्या टक्क्यांत. हा फरक बातम्यांत नेहमी गळतो.

कर थांबवायचा तर वहीतून नाव काढावं लागतं, आणि ते चर्चमध्ये जाऊन होत नाही. एसेन ज्या राज्यात येतं त्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये त्यासाठी स्थानिक न्यायालयात जायचं. आधी वेळ घ्यायची, ओळखपत्र न्यायचं, कारकुनासमोर सही करायची, ३० यूरो भरायचे. कारण कुणी विचारत नाही. शेजारच्या कोलोनमध्ये २०२१ च्या सुरुवातीला लोकांची इतकी गर्दी झाली की न्यायालयाची वेळ नोंदवायची ऑनलाइन सोय कोलमडली आणि महिन्याला मिळणाऱ्या हजार भेटी दीड हजारांवर न्याव्या लागल्या. न्यायालय करखात्याला कळवतं, चर्चलाही कळवतं. मग धर्मग्रामाचा मुख्य धर्मगुरू त्या माणसाला पत्र पाठवतो. जर्मन बिशप परिषदेच्या २०१२ च्या फर्मानानुसार नाव काढलेल्याला संस्कार घेता येत नाहीत, कुणाचा धर्मपिता किंवा धर्ममाता होता येत नाही, आणि मरण्यापूर्वी पश्चात्ताप व्यक्त केला नसेल तर चर्चची अंत्यविधी नाकारली जाऊ शकते. पोटात कालवाकालव व्हावी असं हे पत्र, आणि ते बहुतेक वेळा अशा माणसाच्या हाती पडतं ज्याचा चेहरा धर्मगुरूने कधी पाहिलेला नसतो.

गेल्या दहा-बारा वर्षांचे आकडे धक्क्यांच्या खुणा दाखवतात. २०१३ मध्ये, लिम्बुर्गच्या बिशपांच्या तीन कोटी यूरोंहून महाग निवासस्थानाचं प्रकरण गाजलं त्या वर्षी, १ लाख ७८ हजार कॅथलिकांनी नाव काढलं. २०१४ मध्ये २ लाख १७ हजार. त्या वर्षी बँकांनी ग्राहकांना पत्रं पाठवली होती, की २०१५ पासून व्याज आणि लाभांशावरचा चर्चकर बँकच परस्पर कापेल. कर जुनाच होता, वसुलीची रीत नवी होती. पण पत्र मिळालेल्यांना तो नवा कर वाटला आणि त्यांनी न्यायालयाची वाट धरली. बँकेच्या एका पत्राने, कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त लोकांना आपण सभासद आहोत याची आठवण करून दिली.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये बिशप परिषदेनेच करवून घेतलेला लैंगिक अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४६ ते २०१४ या काळातले १,६७० धर्मगुरू व धर्मसेवक आणि ३,६७७ बळी त्यात नोंदले होते. २०१९ मध्ये २ लाख ७२ हजार नावं गेली. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिक महाधर्मप्रांतातल्या अत्याचारांचा अहवाल आला आणि त्या वर्षी आकडा ५ लाख २२ हजारांवर गेला, आजवरचा सर्वांत मोठा. २०२३ मध्ये ४ लाख २ हजार, २०२४ मध्ये ३ लाख २१ हजार. एसेनला हा धक्का घरातही बसला: सप्टेंबर २०२३ मध्ये धर्मप्रांताने जाहीर केलं की कोळशाची अंगठी घालणारे संस्थापक बिशप हेंग्सबाख यांच्यावरच अत्याचाराचे आरोप आहेत, आणि कॅथेड्रलजवळचा त्यांचा पुतळा हलवला.

तरी घोटाळ्यांवर सगळं खापर फोडणं चुकीचं आहे. लोक का जातात याचा अभ्यास एसेन धर्मप्रांतानेच करवून घेतला आणि २०१८ मध्ये तो बाहेर आला. त्यात दिसलं ते असं: दुरावा आधी येतो, बरीच वर्षं तो तसाच पडून राहतो, आणि एखाद्या दिवशी कर किंवा बातमी हे निमित्त होतं. फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या २०१९ च्या अंदाजानेही हेच वेगळ्या बाजूने सांगितलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून २०१७ मध्ये ४ कोटी ४८ लाख असलेले सभासद २०६० पर्यंत निम्म्यावर येतील, आणि त्या घटीतला निम्म्याहून कमी भाग म्हाताऱ्यांच्या मरणाचा आहे. उरलेला नाव काढण्याचा आणि मुलांना स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) न देण्याचा. नावं काढणारे सर्वांत जास्त कुठल्या वयाचे? विशीच्या मध्यापासून तिशीच्या मध्यापर्यंतचे. पहिल्या पूर्ण पगाराच्या पावतीवर चर्चकराची ओळ पहिल्यांदा दिसते ते हे वय.

वहीत नवी नावं येण्याचा मुख्य दरवाजा स्नानसंस्काराचा. २०२४ मध्ये जर्मनीत १ लाख १६ हजार कॅथलिक स्नानसंस्कार झाले, तर चर्चच्या अंत्यविधी दोन लाखांहून अधिक. एकानेही नाव काढलं नसतं तरी वही बारीकच होत गेली असती.

चर्च बंद करण्याचं गणित

कोळसा भरात असताना हेंग्सबाख यांच्या धर्मप्रांताने सपाट्याने चर्चं बांधली. घरच्या सपाता पायात घालून मिस्सेला जाता यावं इतकं चर्च जवळ हवं, अशी कल्पना होती. खाणकामगारांच्या वसाहतींसाठी ती बरोबरच होती. खाणी एकेक करून बंद होत गेल्या. शेवटची, बॉट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये थांबली. लोक कामासाठी दक्षिणेकडे गेले आणि इमारती तिथेच राहिल्या.

२००५ च्या सुमाराला धर्मप्रांताच्या तिजोरीत खडखडाट झाला. २००६ मध्ये बिशपांनी २५९ धर्मग्रामांचे ४३ मोठे धर्मग्राम केले आणि ९६ चर्चं ‘इतर’ या यादीत टाकली. त्या यादीतल्या इमारतींना धर्मप्रांताकडून देखभालीचे पैसे बंद. मग त्या विकायच्या, पाडायच्या, दुसऱ्या कामाला द्यायच्या, की स्थानिकांनी वर्गणी काढून चालवायच्या, ते त्या त्या धर्मग्रामाने पाहायचं. दहा वर्षांनी दुसरी फेरी आली. प्रत्येक मोठ्या धर्मग्रामाने २०३० पर्यंत आपला खर्च कसा उतरवणार याचा आराखडा स्वतःच द्यायचा. कोणतं चर्च जाणार हे या वेळी वरून सांगितलं नाही, खालच्या समित्यांनी ठरवायचं होतं. एका अर्थी हे लोकशाहीला धरून होतं. व्यवहारात मात्र ज्या चर्चची माणसं समितीत जास्त, ते चर्च वाचलं.

चर्च बंद होतं म्हणजे नेमकं काय होतं? चर्च कायद्याचं कलम १२२२ सांगतं की गंभीर कारण असेल, बिशपांनी धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाचं म्हणणं ऐकलं असेल आणि ज्यांचा कायदेशीर हक्क आहे त्यांची संमती असेल, तर चर्च धर्माबाहेरच्या पण हिणकस नसलेल्या वापराला देता येतं. शेवटच्या मिस्सेत बिशपांचा हुकूम वाचून दाखवतात. वेदीतले संतांचे अवशेष काढतात, पवित्र साक्रामेंत (ख्रिस्तशरीर मानलेली भाकर) मिरवणुकीने बाहेर नेतात, कायम तेवणारा लाल दिवा विझवतात. गेल्झेनकिर्शेनच्या उकेनडॉर्फ भागातलं हायलिश क्रॉइत्स हे १९२० च्या दशकातलं विटांचं भव्य चर्च. ते २००७ मध्ये असं मोकळं झालं. पुढची बरीच वर्षं रिकामं पडलं, आणि २०२१ मध्ये कार्यक्रमांचं सभागृह म्हणून उघडलं. मधली चौदा वर्षं डोळ्यांत भरावीत. वारसा-यादीत असलेली इमारत पाडता येत नाही, गिऱ्हाईक सहज मिळत नाही, आणि छताची गळती कुणासाठी थांबत नाही. इमारत विकून पैसा येईल असं गृहीत धरून केलेला अंदाजपत्रकाचा तक्ता इथे पहिल्यांदा कोसळतो.

दुसऱ्यांदा कोसळतो तो माणसांच्या बाबतीत. समजा, एका चर्चमध्ये रविवारी नव्वद जण येतात आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्यात साठ. साठवालं बंद करा, दीडशे एकत्र येतील, असं कागदावर दिसतं. साठच्या साठ कधीच जात नाहीत. ऐंशी वर्षांच्या बाईला रविवारी सकाळी तासाला एक बस असते. तिच्या नवऱ्याची अंत्यविधीची मिस्सा ज्या वेदीवर झाली, ती वेदी दुसऱ्या चर्चमध्ये नसते. आणि तिथल्या नव्वद जणांच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. हे शेवटचं कारण कुठल्याच अहवालात येत नाही, पण पहिल्याच रविवारी ‘इथे आम्ही बसतो’ असं ऐकलेला माणूस दुसऱ्या रविवारी घरी राहतो. ज्या ठिकाणी बंद चर्चचा गायकवृंद, तिथली मारियामाता आणि मिस्सेची वेळ नव्या जागी आणली गेली, तिथे गळती कमी झाली. ज्या ठिकाणी नुसती पत्रिका वाटली, तिथे जास्त.

पैशाच्या बाजूची विसंगती अशी की नावं विक्रमी जात असताना चर्चकराची रक्कम तितकी घसरली नाही. देशभरात कॅथलिक चर्चला २०२२ मध्ये सुमारे ६.८५ अब्ज यूरो मिळाले, २०२४ मध्ये सुमारे ६.६३ अब्ज. युद्धानंतरच्या मोठ्या पिढीचे पगार शिखरावर होते म्हणून हे जमलं. ती पिढी आता निवृत्त होते आहे. निवृत्तांपैकी बऱ्याच जणांना आयकर नसतो किंवा नाममात्र असतो, मग चर्चकरही तसाच. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत एक विचित्र चित्र दिसेल: बाकावर बसणारा निवृत्त माणूस काही भरत नाही, आणि जो भरतो तो येत नाही. चर्चचे बहुतेक खर्च आजही न येणाऱ्याच्या पैशावर चालतात. त्याला एक अक्षर न विचारता इमारती बंद होतात, आणि मग तो म्हणतो, आमच्या गल्लीतलं चर्च गेलं, आता मी कशासाठी भरू? प्रशासनाला हा शेवटचा दुवा फार उशिरा दिसला.

बाकावरची भाषा बदलते

रूर खोऱ्याला परभाषक कॅथलिक नवे नाहीत. १८७० नंतर पूर्वेकडच्या प्रांतांतून पोलिश बोलणारे लाखो खाणकामगार इथे आले. त्यांचं ‘वियारुस पोल्स्की’ हे वृत्तपत्र १८९० पासून बोखुममध्ये निघत होतं, आणि पोलिश भाषेत मिस्सा व पापकबुली मिळावी म्हणून त्यांचा बिशपांशी झगडा चाले. १९५५ च्या करारानंतर इटालियन आले, मग स्पॅनिश, पोर्तुगीज, क्रोएशियन. १९६३ पासून कोरियाचे खाणकामगार आणि त्यांच्या मागोमाग कोरियन नर्सेस. त्याच दशकात केरळच्या नर्सेस. २०११ मध्ये पोलंडच्या कामगारांना जर्मन श्रमबाजार पूर्ण खुला झाला आणि पोलिश मिस्सा पुन्हा भरल्या. अलीकडे इराकमधून आलेले खाल्डियन आणि २०२२ नंतर युक्रेनचे ग्रीक-कॅथलिक, हे दोन्ही पूर्वेकडच्या उपासनापद्धतीचे कॅथलिक.

देशभरात अशी मातृभाषेतली साडेचारशेच्या आसपास मंडळं आहेत, तीसहून अधिक भाषांत. ती मोजणीत कशी दिसतात हे समजून घ्यायला एक काल्पनिक पण नेहमीचं उदाहरण घेऊ. एका धर्मग्रामात नोंदलेले कॅथलिक ११,०००. मोजणीच्या रविवारी: शनिवार संध्याकाळी ६४, रविवारी साडेनऊला ११८, सव्वाअकराला ९३. एकूण २७५, म्हणजे अडीच टक्के. याच इमारतीत दुपारी एक वाजता पोलिश मिस्सा असते, तिला २४०. हे २४० पोलिश मिशनच्या, म्हणजे पोलिश भाषकांच्या मंडळाच्या, कागदावर जातात. पण ती माणसं राहतात आसपासच्या पाच-सहा शहरांत, आणि त्यांची नावं, त्यांचा चर्चकर, त्यांच्या मुलांची नोंद त्या त्या धर्मग्रामाच्या वहीत. परिणाम असा की स्थानिक धर्मग्राम प्रत्यक्षापेक्षा मेलेला दिसतो, आणि मिशनकडे माणसं आहेत पण त्यांना भागायला सभासदसंख्या नाही, म्हणून टक्केवारीच नाही. इमारत ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे पहिला कागद येतो. दुसरा येत नाही. मिशनचा प्रतिनिधी समितीत बसत नसेल, तर शहरातली सर्वांत भरलेली मिस्सा ज्या छपराखाली होते तेच छप्पर ‘कमी वापराचं’ ठरू शकतं.

दुसऱ्या पिढीचा प्रश्न वेगळा. आईबाप पोलिश किंवा क्रोएशियन मिस्सेला जातात. मुलांना प्रथम ख्रिस्तशरीर कुठे घ्यायचं? शाळेतल्या मित्रांबरोबर जर्मन गटात, की शनिवारी मिशनच्या धर्मशिक्षणात? दोन्हींकडे नाव घातलं तर मुलगा दोन्ही याद्यांत, आणि विशीत आल्यावर दोन्हींकडे नाही. वसईतल्या लोकांना हे वेगळ्या कपड्यांत ओळखीचं वाटेल: घरात सामवेदी किंवा वाडवळी, मिस्सा मराठी, शाळा इंग्रजी, आणि वसई रोडला इंग्रजी मिस्सा हाकेच्या अंतरावर. मराठी मिस्सेत तरुण कमी दिसतात याचा अर्थ तरुण कमी झाले, की ते अकराच्या इंग्रजी मिस्सेला गेले? भाषा आणि वयोगट वेगळे मोजल्याशिवाय हे सांगता येणार नाही. त्यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक मिस्सेला दोन मोजणारे, एक गॅलरीत आणि एक दाराशी. चार रकाने: बारापर्यंतची मुलं, पस्तिशीपर्यंतचे, साठीपर्यंतचे, पुढचे. वर्षातून दोन ठरलेले रविवार, सण आणि लग्नसराई सोडून. पाच वर्षं हे केलं की वादाला आधार मिळतो.

वेदीवरही चेहरे बदलले आहेत. जर्मन धर्मप्रांतांत काम करणाऱ्या परदेशी धर्मगुरूंत भारतीयांचा वाटा मोठा आहे, त्यांतही केरळच्यांचा. एका धर्मगुरूकडे तीन-चार चर्चं, गाडीने फिरायचं, जर्मन भाषेत अंत्यविधीचं प्रवचन करायचं. अंत्यविधीच सर्वांत अवघड, कारण तिथे शिकलेल्या वाक्यांवर भागत नाही आणि समोर बसलेल्यांतले निम्मे चर्चमध्ये वर्षांनी आलेले असतात. एसेनमध्ये धर्मगुरूंची चणचण एवढी वाढली की मार्च २०२२ मध्ये बिशप फ्रान्त्स-योझेफ ओवरबेक यांनी अठरा प्रापंचिक कार्यकर्त्यांना स्नानसंस्कार देण्याचा अधिकार दिला. त्यांतल्या सतरा स्त्रिया होत्या.

एका ठिकाणची गर्दी मात्र कुठल्याच मोजणीत येत नाही. एसेनपासून तासाभराच्या अंतरावर, म्युन्स्टर धर्मप्रांतात, केव्हेलार हे मारियामातेचं यात्रास्थान आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची यात्रा भरते. हजारोंनी लोक येतात, शेजारच्या देशांतूनही. त्यांत हिंदूही पुष्कळ असतात आणि तेही मेणबत्ती लावून नवस फेडतात. उपवासकाळ आणि नोव्हेंबर यांच्या मधली ही तारीख. वहीतही नाही, करातही नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक बाब

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. वसई, अहिल्यानगर किंवा पुण्याहून जाणाऱ्या ख्रिस्ती तरुणांना तिथे पहिल्याच आठवड्यांत हा सगळा विषय अंगावर येतो. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. त्यात रोमन कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की ती नोंद करखात्याकडे जाते आणि पुढच्या पगारपावतीवर चर्चकराची ओळ उगवते. वर्षाचा आयकर ६,००० यूरो असेल तर बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये ४८० यूरो, एसेनमध्ये ५४०. ही रक्कम वार्षिक विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवता येते, हे बऱ्याच जणांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतं.

रकाना मोकळा सोडला तर सुटलो, असं काही जण समजतात. चर्चच्या नियमाने स्नानसंस्कार झालेला कॅथलिक तिथे राहायला आला की सभासद असतो. पुढे लग्नासाठी किंवा मुलाच्या स्नानसंस्कारासाठी भारतातल्या धर्मग्रामाचा दाखला मागवला की गोष्ट उघड होते, आणि मागची थकबाकी निघू शकते. ज्याला नाव ठेवायचं नाही त्याने रीतसर काढावं. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये ते न्यायालयात नव्हे, नागरी नोंदणी कार्यालयात होतं. मिळालेला दाखला कायमचा जपून ठेवावा, कारण शहर बदलल्यावर चर्चची करशाखा तो पुन्हा मागू शकते. ज्याला नाव ठेवायचं आहे त्याने राहत्या पत्त्याचा धर्मग्राम कोणता, तेही एकदा विचारून घ्यावं. त्या राज्याचा बराच भाग फ्रायबुर्ग महाधर्मप्रांतात येतो, आणि तिथे १ जानेवारी २०२६ पासून हजाराहून अधिक धर्मग्रामांचे ३६ झाले आहेत. जवळचं चर्च आणि कागदपत्रांचं कार्यालय आता बहुधा वेगवेगळ्या गावांत असतं.